परदेशी पाहुण्याला स्कूटर देताय? या चुका टाळा

सीझन सुरू झाला की तारकर्ली-देवबागात तोच प्रकार. होमस्टेवर उतरलेला परदेशी पाहुणा करड्या कव्हरचं पुस्तक, म्हणजे आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, दाखवतो, मालक 'इंटरनॅशनल आहे ना, मग झालं' म्हणत चावी देतो. पुस्तक उघडून बघायला अर्धं मिनिट लागतं, पण तेवढा धीर कुणाला!

शेवटचं पान उघडा. फोटोशेजारी ए, बी, सी असे रकाने असतात. ए म्हणजे मोटरसायकल-स्कूटर, बी म्हणजे कार. शिक्का ज्या रकान्यात, तेवढीच परवानगी. बहुतेकांकडे फक्त बी असतो आणि आपण देतो ११० सीसीची स्कूटर. मग वेंगुर्ल्याच्या वळणावर ती घसरते, समोरच्याचा पाय मोडतो, पोलीस ते पान उघडतात. चालवणाऱ्यावर मोटार वाहन कायद्याचं कलम १८१, गाडी देणाऱ्या मालकावर कलम १८०. दोघांनाही ५,००० रुपये दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. जखमीला भरपाई विमा कंपनीने दिली, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल होऊ शकते. पाहुणा तोवर गोव्याच्या मोपा विमानतळावरून उडालेला असतो.

पुस्तकासोबत मूळ लायसन हवंच, झेरॉक्स नको. पुस्तकाची मुदत १ वर्ष. भारत रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा करारात आहे, म्हणून कव्हरवर तेच साल शोधा. मायदेशात लायसनवर बंदी असेल तर इथे पुस्तकही निकामी. चावी देण्याआधी दोन्हींचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

पांढऱ्या पाटीच्या गाडीचं भाडं घेऊ नका. भाड्याच्या गाडीला काळी पाटी, पिवळी अक्षरं. पाचशे रुपयांसाठी विमा कंपनीच्या हाती भरपाई नाकारायचं आयतं कारण कशाला द्यायचं?

आपलीच माणसंही कमी नाहीत. विनाहेल्मेट सापडलं की १,००० रुपये भरून सुटलो असं वाटतं, पण कलम १९४डी मध्ये ३ महिन्यांची अपात्रताही आहे, म्हणजे तेवढा काळ लायसनवर बंदी. बंदीच्या काळात कार्ड खिशात असलं तरी ते चालत नाही. चालवताना सापडलात तर कलम १८२, दंड १०,००० रुपये किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. लायसन चालू आहे का, ते परिवहनच्या साईटवर नंबर टाकून बघा.

गणपतीला आखातातून येणाऱ्यांनी 'दुबईचं लायसन आहे' हे उत्तर नाक्यावर देऊ नये. आपलं जुनं लायसन संपून १ वर्ष उलटायच्या आत नूतनीकरण करा. पुढे गेलात तर पुन्हा टेस्ट द्यावी लागेल.