बंद पडलेल्या दगडखाणीच्या वस्तीचा इतिहास असा गोळा करा

तुर्भे-नेरूळच्या बाजूला पारसिक डोंगर जागोजाग उभा कापलेला दिसतो. तिथला काळा बेसॉल्ट खडी होऊन नवी मुंबईच्या रस्त्यांत आणि स्लॅबमध्ये गेला. अशा खाणीजवळच्या वस्तीचा इतिहास लिहायचा असेल तर सातबाऱ्यापासून सुरुवात करू नका. सातबाऱ्यावर जमीन कोणाची ते कळतं, दगड कोणी फोडला ते नाही. खाणकामगारांच्या झोपड्या बहुधा दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर असतात, त्यामुळे त्यांची नावं त्यात सापडत नाहीत आणि पुष्कळ जण तिथेच हात टेकतात.

आधी शाळेत जा. जवळच्या जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मुलाचं जन्मस्थळ आणि दाखल झाल्याची तारीख असते. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, मुलांची नावं उतरवू नका. वर्ष आणि जन्माचा तालुका एवढ्याच दोन रकान्यांची वही करा. एखाद्या तालुक्यातली मुलं कोणत्या वर्षापासून अचानक वाढली ते दिसलं, की लोक कुठून आणि केव्हा आले याचा पहिला ठोस धागा हाती येतो. वस्तीतली देवळंही पाहा. यल्लम्मा किंवा खंडोबाचं देऊळ असेल तर ते कोणी बांधलं, जत्रेला लोक कोणत्या गावी जातात, हे विचारा.

मग म्हाताऱ्या माणसांशी बोला. सन विचारू नका, चुकतं. "मावशी, बहात्तरच्या दुष्काळाआधी आलात की नंतर?", "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे होतात?" असं विचारा. भूकंप 11 डिसेंबर 1967 चा. अलीकडच्या गोष्टींसाठी 26 जुलै 2005 चा पूर ही पक्की खूण. घण, सुतकी, पहार, पाचर ही अवजारं कोण वापरायचं, बायका काय करायच्या, मजुरी दिवसावर मिळायची की ब्रासवर (दगड-खडी मोजायच्या मापावर), हे खोदून विचारा. बैठक पाऊण तासाची ठेवा आणि त्याच संध्याकाळी लिहून काढा.

कागद त्यानंतर. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी कंपनीची स्थापना 1970 ची. शहरासाठी जमीन संपादन झाल्यावर उताऱ्यावरची नावं बदलली, म्हणून आजच्या उताऱ्यावर थांबू नका. गाव नमुना 6 म्हणजे फेरफार, जमिनीच्या हक्कातल्या बदलांची नोंदवही, मागे मागे वाचत जा. एक चूक हमखास होते: पनवेल-उरणकडच्या गावांचे जुने कागद फक्त रायगडमध्ये शोधले जातात. रायगडचं नाव 1981 पर्यंत कुलाबा होतं आणि 1883 आधी पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं. म्हणून 1882 च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये पनवेल सापडतं. खाणपट्टा आणि रॉयल्टीचे कागद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गौण खनिज (दगड, मुरूम, वाळू) शाखेत माहिती अधिकाराखाली मागा. अर्जात गाव, सर्व्हे नंबर आणि वर्षं नेमकी लिहा. "सगळी माहिती द्या" असं लिहिलंत तर हाती काही लागत नाही.

खाणीचा कडाही वाचता येतो. दगडावर सरळ, लांब, अर्धगोल पन्हळ दिसली तर तिथे यंत्राने भोक पाडून सुरुंग उडवला आहे. ओळीने आखूड खाचा दिसल्या तर पाचर ठोकून हाताने दगड फोडला आहे. दोन्ही एकाच कड्यावर असतील तर कुठली वर, कुठली खाली ते टिपा. खाण बहुधा वरून खाली उतरते, त्यामुळे वरचं काम जुनं असतं.

किती दगड निघाला याचा अंदाज असा काढा: 100 मीटर लांब, 60 रुंद, 15 खोल म्हणजे 90,000 घनमीटर. फोडल्यावर दगड साधारण दीडपट फुगतो, म्हणजे 1,35,000. एक ब्रास 2.83 घनमीटरचा, तर जवळपास 47,700 ब्रास. डोंगराचा उतार तिरका असतो, म्हणून खोली तीन-चार जागी मोजून सरासरी घ्या, नाहीतर आकडा फसतो.

पावसाळ्यात कड्याजवळ जाऊ नका. साचलेलं पाणी उथळ वाटतं, पण पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेल्या खाणीत एका पावलात ते डोक्यावर जातं. भोकातून वायर बाहेर आलेली दिसली तर हात न लावता मागे फिरा आणि पोलिसांना कळवा. न उडालेला सुरुंग असू शकतो.

मसुदा तयार झाला की ज्यांनी सांगितलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवा. गावांची नावं आणि अवजारांचे उच्चार तिथेच दुरुस्त होतात.