२७ ऑक्टोबर १९६२ चे पान : शीतयुद्धाच्या नव्या अभ्यासकांसाठी

आंतरराष्ट्रीय संबंध विषयात एम.ए. करताना मी क्यूबाच्या क्षेपणास्त्र पेचप्रसंगावर, म्हणजे सोव्हिएत संघाने क्यूबात बसवलेल्या क्षेपणास्त्रांवरून १९६२ मध्ये अमेरिकेशी उद्भवलेल्या संघर्षावर, पहिला निबंध लिहिला आणि अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींनी दम भरला, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी माघार घेतली, असा सरळ निष्कर्ष काढला. निबंध परत करताना बाईंनी समासात एवढेच लिहिले होते : 'हे त्या दिवशी कोणाला ठाऊक होते?'

त्यानंतर मी वेगळी वही घातली. डाव्या रकान्यात वॉशिंग्टन, उजव्या रकान्यात मॉस्को, आणि त्या त्या तारखेला ज्याला जेवढे माहीत होते तेवढीच नोंद. सिद्धांतांची पुस्तके उघडण्याआधी अशी एक वही भरावी, असे मी नव्या विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगते.

२७ ऑक्टोबरचे पान भरायला मला चार दिवस लागले. आदल्या दिवशी केनेडींना पाठवलेल्या पत्रात ख्रुश्चेव्ह यांनी लिहिले होते की, युद्धाच्या गाठीची टोके दोघेही ओढत राहिलो, तर ती बांधणाऱ्यालाही सुटणार नाही. शनिवारी मात्र मॉस्को रेडिओवरून तुर्कस्तानातील अमेरिकी ज्युपिटर क्षेपणास्त्रे हटवण्याची नवी अट आली, आणि त्याच दिवशी क्यूबावर अमेरिकेचे यू-२ हे टेहळणी विमान पाडले जाऊन त्याचे वैमानिक मेजर अँडरसन ठार झाले. वॉशिंग्टनच्या रकान्यात ही सोव्हिएत चढाई दिसते. मॉस्कोच्या रकान्यात मात्र तसा हुकूमच सापडत नाही, कारण तो निर्णय क्यूबातील सोव्हिएत अधिकाऱ्यांनी परस्पर घेतला होता. त्या रात्री अध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडी यांनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना ज्युपिटर हटवण्याचे आश्वासन दिले, पण ते जाहीर करायचे नाही या अटीवर. माझ्या निबंधात नेमकी हीच देवाणघेवाण नव्हती.

जून १९६३ मध्ये वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट संपर्कव्यवस्थेचा, म्हणजे हॉटलाइनचा, करार झाला. हॉटलाइन म्हटले की लाल टेलिफोन डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तो टेलिप्रिंटर, म्हणजे तारेवरून टंकलिखित मजकूर पाठवणारे यंत्र, होता. लेखी मजकूर नीट भाषांतरित करता येतो आणि उत्तराआधी विचाराला अवधी मिळतो, ही त्यामागची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

पुढे मी तिसरा रकाना दिल्लीचा ओढला. आपल्याकडे १९६२ चा ऑक्टोबर चीनच्या २० तारखेच्या आक्रमणासाठी आणि त्यानंतर यशवंतराव चव्हाणांना दिल्लीहून आलेल्या बोलावण्यासाठी लक्षात राहिला आहे. २५ ऑक्टोबरला सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र 'प्रावदा'ने सीमावादावरील चीनच्या प्रस्तावांना पाठिंबा दिला, तेव्हा दिल्लीला धक्का बसला. तो पाठिंबा मला कळला तो शेजारचा रकाना वाचूनच, कारण क्यूबात अडकलेल्या मॉस्कोला त्या आठवड्यात पेकिंगशी (आताच्या बीजिंगशी) वाकडे घेणे परवडणारे नव्हते.