गावात 'थ्री इडियट्स' दाखवायचा आणि मग सगळ्यांना बोलतं करायचं

"भारी आहे" यापलीकडे ज्याबद्दल कोणी काही बोलत नाही, अशा सिनेमावर चर्चा ठेवणं सगळ्यात अवघड. इंजिनिअरिंग कॉलेजातल्या तीन मित्रांचा 'थ्री इडियट्स' त्यातलाच. 25 डिसेंबर 2009 ला लागला आणि पुढे टीव्हीवर इतक्यांदा आला की पोरांना संवाद पाठ आहेत. पण खानदेशात अमळनेर-चोपड्याकडच्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये कापूस विकून आलेल्या पैशातून पोराची फी भरणारा बाप, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला विषय राहिलेला पोरगा, शिक्षक आणि दवाखान्यातली नर्स एकाच सतरंजीवर बसले, की ते एकाच ठिकाणी हसत नाहीत. हा फरक बाहेर काढायचा असेल तर "सिनेमा आवडला का?" हा प्रश्न त्या दिवसापुरता बंद ठेवायचा. प्रश्न नेहमी एका प्रसंगाबद्दल विचारायचा.

आधी परवानगीचं बघा. घरच्या ओटीटी वर्गणीवर किंवा डीव्हीडीवर चौकात सिनेमा दाखवता येत नाही, जाहीर खेळाला हक्कधारकाचा परवाना लागतो. मात्र कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे. कार्यक्रम संस्थेच्या उपक्रमाचा भाग हवा आणि प्रेक्षक तिथले शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक व संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच हवेत. म्हणून शाळेला किंवा कॉलेजला यजमान करा आणि पालकांना बोलवा. बॅनर लावून गाव गोळा करू नका.

दिवस रविवारचा, महिना डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. त्याआधी कापसाची वेचणी असते, बाया शेतातून सुटत नाहीत. मार्चनंतर पत्र्याच्या हॉलमध्ये दुपारी बसणं म्हणजे शिक्षा. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा माणसं सिनेमा सोडून कूलरकडे बघतात. लग्नतिथी तेवढी टाळा. सिनेमा सुमारे 170 मिनिटांचा आहे. दीडला सुरू केला आणि मध्यंतर 20 मिनिटांचं दिलं, तर पावणेपाचपर्यंत संपतो आणि सव्वासहापर्यंत बोलणं उरकतं. संध्याकाळी सातला सुरू कराल तर चर्चेला फक्त रिकामे पुरुष उरतील.

प्रेक्षक 25 ते 30, जास्त नकोत. पडदा 10 फूट रुंद घ्या. सिनेमाची चौकट लांबट असल्याने चित्राची उंची तेवढ्यातही साधारण सव्वाचार फूटच भरते. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर असू द्या, नाहीतर मागच्यांना पुढच्यांच्या टोप्याच दिसतात. प्रोजेक्टर किमान 3000 ल्युमेन्स उजेडाचा घ्या, खिडक्यांना काळं कापड लावा, आणि वीज जाणार हे धरून लॅपटॉप व प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर टाका. आवाजाकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण विनोद आवाजातच मरतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर भागत नाही. दोन मोठे स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मागच्या भिंतीवर चार-पाच गोधड्या टांगल्या की पत्र्याखालचा घुमारा बराच कमी होतो. आवाज गाण्यावर तपासू नका, हळू बोललेल्या संवादावर तपासा. शेवटच्या रांगेतल्या आबांना शब्द कळले पाहिजेत.

ज्यांना सिनेमा तोंडपाठ आहे त्यांना मागे बसवा. ते विनोदाच्या आधीच हसतात आणि पहिल्यांदा बघणाऱ्याचा विनोद खाऊन टाकतात.

आता मुख्य काम. हसू संसर्गजन्य असतं. शेजारचा हसला म्हणून माणूस हसतो आणि नंतर आपल्याला खरंच हसू आलं होतं असं त्याला वाटायला लागतं. म्हणून एकमेकांशी बोलायच्या आधी प्रत्येकाचं मत वेगळं घ्यायचं. त्याला पाच डबे, एक वाटी सरकी आणि एक वाटी मका लागतो. डब्यांवर प्रसंगांची चित्रं किंवा नावं चिकटवा: राजूचं (तिघांतला गरीब घरचा) घर, घोकंपट्टीवाल्या चतुरचं भाषण, आत्महत्या करणारा विद्यार्थी जॉय लोबो, फोटोग्राफर व्हायचं असलेला फरहान आणि त्याला इंजिनिअर करू पाहणारे वडील, बाळंतपण. हसू आलं तर सरकीचा दाणा, टोचलं तर मक्याचा, दोन्ही झालं तर दोन्ही. डबे पडद्याआड ठेवा आणि एकेकाला पाठवा. लिहिता न येणाऱ्या आजीचं मतही असं बरोबर मोजलं जातं. चिठ्ठ्या लिहून घेतल्या तर आजीची चिठ्ठी नातू लिहितो, आणि तिथे आजीचं नाही, नातवाचं मत येतं.

ज्या डब्यात सरकी आणि मका दोन्ही भरपूर, तिथून सुरुवात करा. नुसत्या सरकीच्या डब्यावर वेळ घालवू नका.

बहुतेक वेळा तो डबा राजूच्या घराचा निघतो. जुन्या कृष्णधवल सिनेमाची नक्कल करून दाखवलेली गरिबी: अंथरुणाला खिळलेले वडील, खर्चाचा पाढा वाचणारी आई, हुंड्यात मारुती मागितली म्हणून लग्नाची राहिलेली बहीण. शहरात हा प्रसंग नुसता नकलेचा विनोद म्हणून जातो. शहादा-धडगावकडे आश्रमशाळेच्या वसतिगृहातल्या पोरांसोबत दाखवलात तर काही पोरं सगळ्यात जास्त हसतील आणि काही अजिबात नाही. दोन्ही खरं आहे. इथे विचारायचं ते एवढंच: "कोणत्या वस्तूवर हसू आलं? लाटण्यावर, भाजीच्या भावावर, की माणसांवर?" उत्तरं लगेच वेगळी पडतात.

चतुरच्या भाषणात 'चमत्कार'च्या जागी 'बलात्कार' शब्द येतो आणि हॉल डोक्यावर घेतला जातो. त्यावर पुरुषांसमोर बाया बोलत नाहीत, आणि "ताई, तुम्हाला काय वाटलं?" असं उभं करून विचारणं हा दुष्टपणा आहे. 15 मिनिटं बायांचा गट वेगळा बसवा, बोलणं बाईनेच घ्यावं, आणि कोण बोललं ते न सांगता मुद्दे मोठ्या गटात वाचावेत. बाळंतपणाच्या प्रसंगाला दवाखान्यात काम करणारं कोणी असेल तर पहिला शब्द त्यांना द्या. व्हॅक्यूम क्लीनरने बाळ बाहेर काढणं त्यांना हसण्यासारखं वाटलं की संताप आला, ते ऐकण्यासारखं असतं.

जॉय लोबोची आत्महत्या आणि राजूची खिडकीतून उडी यांना जपून हात लावा. घरात असं काही घडलेलं कुटुंब हॉलमध्ये आहे का, याची चौकशी आधी करून त्यांना सिनेमात काय आहे ते सांगून ठेवा. फळ्यावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक 14416 सुरुवातीपासून लिहिलेला असू द्या. या प्रसंगावर कोणी गप्प राहिलं तर राहू द्या.

बोलायचा क्रम वयाच्या उलट. मुख्याध्यापक किंवा सरपंच आधी बोलले की पुढचे सगळे "साहेब म्हणतात तसंच" म्हणतात. चर्चा अहिराणीत होऊ द्या, यावल-रावेरकडे लेवा बोलीत. "तुले काय वाटनं?" असं विचारलं की माणूस मोकळा होतो. प्रमाण मराठीत विचारलं की तो भाषण करतो.

दोन गोष्टी हमखास बिघडतात. कोणीतरी म्हणतं, "सिनेमा आहे, एवढं काय मनावर घ्यायचं?" वाद घालू नका. त्यांनाच विचारा, "नाना, मग फरहानचे वडील तयार झाले तेव्हा डोळे का पुसले?" आणि दुसरं, फरहानच्या प्रसंगावरून गाडी करिअर मार्गदर्शनावर घसरते. "मुलांना आवडेल ते करू द्यावं" हे वाक्य आलं की बोलणाऱ्या पालकाला प्रसंगाकडे परत आणा: वडिलांच्या जागी तुम्ही असता तर कोणत्या वाक्याला मान्य केलं असतं? ज्याने शेत गहाण टाकून फी भरली आहे त्याचं उत्तर पोरांनी ऐकायला हवं, आणि मध्ये कोणी टाळी वाजवू नये.

मध्यंतरात चहाच द्या. भरीत-पुरी किंवा शेवभाजी ठेवली असेल तर ती चर्चा संपल्यावर. आधी वाढलीत तर वांग्याच्या भरितावर एकमत होतं आणि सिनेमा राहून जातो. डबे रिकामे करण्यापूर्वी आकडे वहीत उतरवून ठेवा. तोच सिनेमा पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात दाखवला की ते पान शेजारी ठेवून बघता येतं.