काउंटरखालची २०० पानी वही

कऱ्हाडात कचेरीच्या रस्त्याला माझं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, जे येईल ते. तीन कॉम्प्युटर आहेत, दोनावर विंडोज ११ आणि एकावर अजून १०. काउंटरखाली एक २०० पानी वही असते. तिच्या पुठ्ठ्यावर मी 'औषधपाणी' असं लिहून ठेवलंय. कॉम्प्युटर रुसला की आधी ती वही निघते, मग मोबाइल, आणि अगदीच जमलं नाही तर दुरुस्तीवाला. तशी वही तुमच्याकडेही असावी म्हणून ती कशी लिहायची ते सांगते, आणि माझ्या वहीतली मळकी पानं उघडून दाखवते. ज्या पानाला जास्त हात लागलेत ते जास्त कामाचं, एवढंच.

पानाच्या डोक्यावर तक्रार लिहायची ती आपल्या तोंडच्या भाषेत. 'स्पूलर एरर' असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी ते पान तुम्हालाच सापडणार नाही. 'प्रिंट दिली, गेली, पण आली नाही' असं लिहा. काउंटरवर ऐन गर्दीत डोक्यात तेच वाक्य येतं. त्याखाली तारीख, आणि आदल्या दोन दिवसांत काय नवीन घडलं ते: नवा पेन ड्राइव्ह लावला, अपडेट आलं, प्रिंटर हलवला. मग उपाय, क्रमाने. चुकलेला उपायही लिहायचा आणि वर काट मारायची, नाहीतर पुढच्या वेळी तोच पुन्हा करून बघतो आपण.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. कारण शाईने लिहायचं आणि रस्ता पेन्सिलने. 'सेटिंग्जमध्ये इथे जा, तिथे टिचकी मारा' हे दर आवृत्तीत बदलतं. दहामध्ये उजवीकडे असलेलं अकरामध्ये तीन पायऱ्या आत जाऊन बसतं. कारण मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. माझी पहिली वही नुसत्या रस्त्यांची होती. ती आता रद्दीच्या लायकीची झाली आहे.

बंद करून चालू केला तरी तसाच

हे पहिलं पान, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. "ताई, दोनदा बंद करून चालू केला, काही फरक नाही," असं पोरगं सांगतं तेव्हा ते खोटं बोलत नसतं. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तुम्ही 'शट डाउन' म्हणता तेव्हा तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा पुसला जात नाही. तो डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलून वापरला जातो. त्यामुळे सुरू व्हायला वेळ लागत नाही, पण कालचं दुखणंही आज सोबत येतं. 'रीस्टार्ट' केलं की मात्र सगळं कोरं होऊन नव्याने सुरू होतं. म्हणजे नाव 'बंद' असलं तरी ते अर्धवट बंद, आणि खरं बंद ते 'रीस्टार्ट'मध्ये!

खात्री करायची असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स'मधल्या सीपीयूखाली 'अप टाइम' दिसतो. रोज रात्री बंद होणाऱ्या आमच्या कॉम्प्युटरवर तिथे २३ दिवस दिसले होते. एकदाच पूर्ण बंद करायचा असेल तर शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन'वर टिचकी मारायची. कायमचं हवं असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, पॉवर बटणाने काय करावं हे ठरवतात त्या पानावर, 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप'ची खूण काढा. खूण फिकट दिसत असेल तर वरच्या निळ्या ओळीवर एकदा टिचकी मारावी लागते.

प्रिंट दिली, गेली, पण आली नाही

आमच्या धंद्यात हे पान सगळ्यात जाड. समोर माणूस उभा, कचेरी बंद व्हायला वीस मिनिटं, आणि प्रिंटर गप्प. अशा वेळी सगळे एकच चूक करतात: पुन्हा प्रिंट देतात. मग पुन्हा. रांगेत पहिलंच काम अडकलेलं असतं, त्याच्यामागे तुम्ही आणखी सहा उभी करता.

आधी प्रिंट भलतीकडे तर गेली नाही ना ते बघा. विंडोजमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' हा खटका चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होतो. सकाळी कुणी पीडीएफ करून घेतली असेल तर दुपारची प्रिंट कागदावर न जाता पीडीएफकडे जाऊ शकते. हा खटका बंद करून आपला प्रिंटर स्वतः मुख्य ठरवायचा. दुसरं, यूएसबीची वायर रोज त्याच खोबणीत लावा. वेगळ्या खोबणीत लावली की विंडोज कधीकधी त्याला नवा प्रिंटर समजतं आणि नावापुढे 'कॉपी १' लावून दुसरा उभा करतं. मग तुम्ही पहिल्याला हुकूम देत बसता आणि वायर असते दुसऱ्याला. आमच्या खोबणीवर मी नखांना लावायच्या लाल रंगाचा ठिपका दिलाय.

रांगच अडकली असेल तर असं करा. प्रिंटर स्विचवरून बंद. स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' शोधून उघडा, यादीत 'प्रिंट स्पूलर' सापडला की त्यावर उजवी टिचकी आणि 'स्टॉप'. मग सी ड्राइव्हमध्ये विंडोज, त्यात सिस्टिम३२, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स असं आत जा. परवानगी मागेल, द्या. या फोल्डरमधल्या फाइल्स पुसायच्या. फोल्डर पुसायचं नाही, हे मी वहीत दोनदा अधोरेखित केलंय. मागे येऊन स्पूलर 'स्टार्ट' करा, प्रिंटर चालू करा, आणि प्रिंट एकदाच द्या. तीन मिनिटांचं काम आहे. यामागचं कारण शाईने लिहिलेलं: कामं आधी त्या फोल्डरमध्ये साठतात, स्पूलर ती एकेक करून प्रिंटरला देतो, आणि एक फाइल बिघडली की मागची सगळी तिष्ठत राहतात.

कीबोर्ड मेला

हे पान माझ्या लाजेचं आहे. एकदा दुपारी कीबोर्डवर काहीच उमटेना. वायर काढून लावली, उलटा करून झटकला, शेवटी बाजारातून नवा आणला. नवाही मेलेला! तेव्हा कळलं की जेवायला जाताना मी फाइलींचा गठ्ठा कीबोर्डवर ठेवला होता. उजवी शिफ्ट ८ सेकंद दाबून राहिली की 'फिल्टर कीज' चालू करायचं का असं विंडोज विचारतं, आणि एंटर दाबला गेला की ते झालंच चालू. ज्यांचा हात थरथरतो त्यांच्यासाठी ही सोय आहे. चुकून, घाईत लागलेली बटणं ती मोजतच नाही, बटण थोडा वेळ दाबून धरलं तरच अक्षर येतं. भराभर टाइप करणाऱ्याला वाटतं कीबोर्ड संपला. उपाय: सेटिंग्ज, 'अ‍ॅक्सेसिबिलिटी', 'कीबोर्ड', आणि तिथलं फिल्टर कीज बंद. तो शॉर्टकटही बंद करून टाका. शिफ्ट ५ वेळा दाबल्यावर येणारी 'स्टिकी कीज'ची खिडकी त्याच पानावर आहे. नवा कीबोर्ड माळ्यावर आहे अजून.

एकही साइट उघडत नाही, नेट तर चालू आहे

ब्राउझर सांगतो की कनेक्शन सुरक्षित नाही. सरकारी साइट, बँक, सगळीकडे तेच. लोक राउटर बंद-चालू करत बसतात. तुम्ही आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' अशी मुदत असते. कॉम्प्युटरला २०१५ साल चालू आहे असं वाटत असेल तर त्याच्या मते ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही.

तारीख मागे जाते ती मदरबोर्डवरचा सेल संपल्यामुळे. नाण्याएवढा, ३ व्होल्टचा, त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. वीज असते तोवर कॉम्प्युटरचं घड्याळ विजेवर चालतं, वीज गेली की या सेलवर. आम्ही रात्री मेन स्विच पाडून जातो, म्हणून आमच्याकडे हे सकाळीच उघडं पडतं. तात्पुरतं, तारीख हाताने नीट करून मग 'सिंक नाऊ' दाबा. कायमचं म्हणजे सेल बदला. वायर भिंतीतून काढल्याशिवाय डबा उघडू नका, आणि लॅपटॉप असेल तर हे स्वतः करायच्या भानगडीत पडू नका.

सी ड्राइव्ह लाल

सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, 'टेम्पररी फाइल्स'. यादी येते, खुणा करायच्या, 'रिमूव्ह' म्हणायचं. सोपं वाटतं, पण त्याच यादीत 'डाउनलोड्स' असतं. मी एकदा सगळ्यांवर खूण केली आणि एका आजोबांची स्कॅन केलेली कागदपत्रं गेली, कारण आम्ही ती डाउनलोड्समध्येच ठेवायचो. रिसायकल बिनमध्येही नव्हती. आजोबांना पुन्हा गावाहून यावं लागलं. आता गिऱ्हाइकांच्या फाइल्स डी ड्राइव्हवर तारखेच्या फोल्डरमध्ये जातात.

पडदा काळा झाला तर विंडोजची की, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम. बीप वाजतो आणि चित्राचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, नव्याने सुरू होतो. टास्कबार गोठला तर टास्क मॅनेजरमध्ये 'विंडोज एक्सप्लोरर' निवडून 'रीस्टार्ट', 'एंड टास्क' नाही. या दोन्हींना अर्धं पानही लागत नाही.

कऱ्हाड लिहिता येत नाही

गावाचंच नाव! कुणी 'कर्हाड' आणतं, कुणी कंटाळून 'कराड' करतं. विंडोजच्या मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी) ते असं येतं: के, मग शिफ्ट धरून जे, मग डी, यू, ई आणि शेवटी डाव्या चौकटी कंसाची की. शिफ्ट-जेने येतो तो 'ऱ', साधा 'र' नव्हे. डीने त्याचा पाय मोडतो. सुऱ्या, दऱ्या, वाऱ्यावर, सगळे याच वाटेने. भाषा बदलायला विंडोजची की आणि स्पेस. इंग्रजीत अर्धी ओळ टाइप झाल्यावर लक्षात येतं, ते माझंही होतं.

बाहेरून आलेली मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसली तर फाइल बिघडलेली नाही. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये आत इंग्रजीचीच अक्षरं असतात, त्यांच्यावर मराठीचा फक्त मुखवटा चढवलेला असतो. तोच फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर मुखवटा गळतो. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागा. मजकूर बदलायचाच असेल तर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, रूपांतर करून घ्या, पण मग रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासा. प्रतिज्ञापत्रात आडनाव बदललं तर तो माणूस भांडायला तुमच्याकडेच येतो.

काल बरा होता

"काहीच केलं नव्हतं, आपोआप झालं," असं प्रत्येक जण म्हणतो. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी हिस्टरी' शोधा. तारीखवार तक्ता येतो: कोणत्या दिवशी काय बसवलं, कोणतं अपडेट आलं, काय कोसळलं त्यावर लाल फुली. पहिली फुली आणि तिच्या आदल्या दिवशी काय आलं, एवढं वाचलं तरी पुष्कळ. पुतण्याने म्हटलं होतं, "आत्या, मी हात नाही लावला." तक्त्यात गेम सापडला. चहा त्याने पाजला.

शेवटचं पान तिसऱ्या कॉम्प्युटरचं. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. या मशिनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नाही, म्हणून त्यावर अकरा रीतसर चढत नाही. पण जुन्या पत्रिका आणि लेटरहेडं ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत ते याच्यावरच चालतं. म्हणून त्याची नेटची वायर काढली, फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या, आणि डब्यावर पट्टी चिकटवली: 'याला नेट जोडू नये. पेन ड्राइव्ह ताईंना विचारून.'