पाऊस गेल्यावर पर्जन्यजल यंत्रणेची आवराआवर

थंड मुलखात पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटतात, म्हणून तिथे पावसाचं पाणी साठवणारी यंत्रणा हिवाळ्याआधी रिकामी करतात. ठाणे-नवी मुंबईत बर्फाचं भय नाही, पण यंत्रणा रिकामी करायची ती इथेही. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची पिढी तयार होते.

बरेच जण हे काम मे महिन्यावर ढकलतात. ते ऑक्टोबरमध्ये, परतीचा पाऊस थांबला की लगेच करा. तेव्हा पन्हळीतला गाळ मऊ असतो, खुरप्याने निघतो. मेपर्यंत त्याचं खापर होतं आणि सांध्यात पिंपळाचं रोप मूळ धरतं. मूळ सांध्यात शिरलंच असेल तर रोप ओढू नका, तेवढा जोड कापून नवा बसवा.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढणारा उभा पाइप. १०० चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १०० लिटर पाणी येतं. ते धरायला १६० मिलिमीटर व्यासाचा पाइप साधारण साडेपाच मीटर लागतो. त्याच्या तळाचं ठिबक-छिद्र गाळाने बुजतं आणि पाणी आतच राहतं. तळाची आट्याची कॅप काढा, गाळ धुऊन टाका आणि तोंडाला बारीक जाळी बांधून पाइप मेपर्यंत उघडाच ठेवा. कॅप हरवू नये म्हणून तिथेच तारेने अडकवा. टाकीच्या ओव्हरफ्लोलाही तशीच जाळी हवी. भोकं १ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत.

फिल्टरमधली वाळू आणि खडी वेगवेगळी काढून धुवा, कडक उन्हात वाळवून गोणीत भरा. ओला कोळसा बंद ड्रममध्ये कुजकट वास धरतो, तो दरवर्षी नवाच घालावा.

उन्हात उघडा असलेला पीव्हीसी पाइप काही वर्षांत ठिसूळ होतो. पॉलिश पेपरने हलकं घासून बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग दोन हात द्या. न घासता दिलेला रंग पोपडे धरून सुटतो.

गच्चीवरची टाकी उपसून, घासून कोरडी करा. जमिनीत पुरलेली प्लास्टिकची टाकी मात्र पावसाळा संपताच रिकामी करू नका. वाशी-ऐरोलीसारख्या खाडीलगतच्या भागात जमिनीतलं पाणी वर असतं. रिकामी टाकी त्याच्या दाबाने उचलली जाते आणि जोड तुटतात. ती निम्मी तरी भरलेली असू द्या, साफसफाई उन्हाळ्यात करा. तीही वरूनच, लांब दांड्याचा ब्रश आणि पंप वापरून. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो, आत उतरणं जिवावर बेततं.

मेअखेरीस फिल्टर भरा, पण टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद आणि तळाची कॅप उघडी ठेवा. पहिल्या एक-दोन जोरदार सरींनी छत धुऊन निघालं की कॅप घट्ट बसवा आणि मग व्हॉल्व्ह उघडा.