‘संशयकल्लोळ’ बसवताना: आधी तसबीर, मग पदं

‘संगीत संशयकल्लोळ’ करायचं ठरलं की बहुतेक संस्था पहिल्याच आठवड्यात ऑर्गनची साथ शोधतात आणि पदांच्या तालमी लावतात. क्रम उलटा हवा. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी गद्यात लिहिलं होतं, ‘फाल्गुनराव अर्थात तसबिरीचा घोटाळा’ या नावाने. कथानक आर्थर मर्फीच्या ‘ऑल इन द राँग’ या इंग्रजी सुखात्मिकेचं, आणि मर्फीने ते फ्रेंच नाटककार मोलिएरच्या १६६० च्या ‘स्गानारेल’वरून घेतलेलं. पदं घालून त्याचं ‘संशयकल्लोळ’ झालं ते गंधर्व नाटक मंडळीच्या रंगमंचावर, १९१६ मध्ये. बालगंधर्व रेवती, गणपतराव बोडस फाल्गुनराव. देवल त्याच वर्षीच्या जूनमध्ये गेले. विनोदाचा सांगाडा असा पदांच्या आधीपासून उभा आहे, आणि पदं काढली तरी तो उभा राहतो. म्हणून पहिले तीन आठवडे नाटक गद्यच बसवा. पद आलं की त्याची पहिली ओळ नुसती बोलायची आणि पुढे जायचं. अशा तालमीत जिथे हसू येत नाही, तिथे नंतर गाण्यानेही येणार नाही.

सगळा घोटाळा एका तसबिरीवर आहे. रेवतीचा प्रियकर अश्विनशेट, त्याने तिला दिलेली स्वतःची तसबीर तिला भोवळ येते तेव्हा हातातून पडते. फाल्गुनराव तिला सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका खिडकीतून बघते. ती खाली येईपर्यंत दोघं नाहीशी झालेली, तसबीर मात्र पडलेली. ती न्याहाळत असताना फाल्गुनराव परत येतो, आणि आता संशय घ्यायची पाळी त्याची. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे दिसली की अश्विनशेटचं डोकं फिरतं. इतक्या हातांतून फिरणारी वस्तू शेवटच्या रांगेतून दिसली नाही, तर प्रेक्षक नाटक नुसतं ऐकत बसतात.

त्या काळचे फोटो तळहाताएवढे असत. अस्सलपणासाठी तेवढाच ठेवण्याचा मोह टाळा. सहा बाय आठ इंच घ्या, भोवती अर्धा इंच फिकट कडा. काच नको. दिव्याचा झोत काचेवर पडला की चेहरा जाऊन पांढरा चट्टा दिसतो, शिवाय ती रोज जमिनीवर पडणार आहे. तीन मिलिमीटरच्या पुठ्ठ्यावर मॅट छपाई चिकटवा, आणि फोटो दोन्ही बाजूंना चिकटवा. ही युक्ती क्षुल्लक वाटते, पण तिने दोन अडचणी सुटतात. तसबीर उलटी पडली तरी बिघडत नाही, आणि फाल्गुनराव ती डोळ्यांपुढे धरून निरखत असताना प्रेक्षकांनाही अश्विनशेट दिसत राहतो. फोटोत अश्विनशेटच्या डोक्यावर जी पगडी असेल, तीच, त्याच रंगाची, पहिल्या प्रवेशात त्याच्या डोक्यावर हवी. लांबून माणूस नाकाडोळ्यांनी ओळखू येत नाही, पगडीने येतो. प्रती तीन करा: एक खेळातली, एक विंगेत राखीव, एक तालमीत मळवायला.

रंगमंच व्यवस्थापकाने तसबिरीचा वेगळा तक्ता करावा. प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला ती कोणाकडे, शेवटी कोणाकडे, कुठल्या विंगेतून गेली, पुढच्या वेळी कुठून येणार. हमखास होणारी चूक एकच: नट डाव्या विंगेत जाऊन तसबीर घाईत कोणाच्या तरी हातात देतो आणि ती हवी असते उजव्या विंगेत. दोन्हीकडे एकेक टेबल ठेवा आणि टेबलावर पट्टीने चौकोन आखा. तो चौकोन रिकामा दिसला की प्रवेश सुरू व्हायच्या आत शोध लागतो.

खिडकीची मापं तालमीच्या हॉलमध्येच खडूने आखून घ्या. कृत्तिकेची लेव्हल, म्हणजे खिडकीमागे ती उभी राहते तो चौथरा, चार फुटांची पुरते. त्याहून उंच केली तर खालचे दोघं आणि वरची ती एका नजरेत मावत नाहीत. कमी केली तर ती खिडकीत नसून ओट्यावर उभी वाटते. आठ इंचांच्या सहा पायऱ्या, त्या फ्लॅटच्या (नेपथ्यातल्या भिंतीच्या) मागे. नऊवारी सांभाळत उतरून विंगेतून यायला तिला साधारण बारा ते पंधरा सेकंद लागतात. तेवढ्यात फाल्गुनरावाने रेवतीला घेऊन निघून जायचं असतं. घड्याळ लावून बसवा. कृत्तिका लवकर आली तर तिने दोघांना गाठायला हवं होतं असं प्रेक्षकाला वाटतं, उशीर झाला तर मंच ओस पडतो. उशीर होतच असेल तर जिन्यावरून तिची बडबड ऐकू येऊ द्या, म्हणजे मंच रिकामा वाटत नाही.

रेवतीने मागे कोसळू नये. आधी गुडघे वाकतात, मग ती फाल्गुनरावाच्या बाजूला कलते, आणि तसबिरीचा हात प्रेक्षकांच्या बाजूला मोकळा राहतो. तसबीर फेकायची नाही, बोटं सैल सोडायची. ती दोघांपासून तीनेक फुटांवर, उजेडात पडली पाहिजे. पदराखाली गेली तर पुढचा प्रवेश संपलाच. फाल्गुनरावाने तिला उचलून वगैरे नेण्याची गरज नाही, खांद्याचा आधार पुरतो. खिडकीतून तेवढंही मिठीसारखंच दिसतं, आणि गंमत तीच आहे.

फाल्गुनरावाची भूमिका गद्य नटाची. तिथे गाता गळा नको, चोख शब्दफेक हवी. त्याची स्वगतं प्रेक्षकांना विश्वासात घेऊन बोलायची, आणि ती चालू असताना बाकीच्यांनी पूर्ण थांबायचं. मागे कोणी पंखा हलवला की लक्ष तिकडे जातं. तो मूर्ख नाही. समोर दिसणाऱ्या पुराव्यावरून बरोबर तर्काने चुकीच्या निष्कर्षाला येणारा माणूस आहे. नटाने वेडेवाकडे चेहरे केले की दुसऱ्या अंकापर्यंत प्रेक्षक त्याला कंटाळतात.

संहितेला कात्री लावताना रेवतीच्या आईवर, मघा नायकिणीवर, हात टाकू नका. ‘आता कोणाला कळतंय’ म्हणून रेवतीचं कलावंतिणीच्या घरचं असणं पुसलं, तर अश्विनशेट तिच्यावर इतक्या झटकन संशय का घेतो याचं कारणच उरत नाही. नावंही तशीच ठेवा. फाल्गुन, अश्विन, वैशाख, भादव्या हे महिने. कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा ही नक्षत्रं.

आता पदं. छापील प्रतीतली सगळी पदं आज अडीच तासांत बसत नाहीत. प्रत्येक पदाला एकच प्रश्न विचारा: याच्या आधी तसबीर कुठे होती आणि नंतर कुठे आहे? दोन्ही उत्तरं सारखी, पात्राची मनःस्थितीही सारखी, तर ते पद जाऊ शकतं. ‘मृगनयना रसिक मोहिनी’सारखं दरबारी रागातलं पद या नियमात बसत नसलं तरी काढू नका, लोक त्यासाठीच तिकीट काढतात. बारा-चौदा पदं, सरासरी साडेतीन मिनिटं, म्हणजे पाऊण तास. वर वन्स मोअरसाठी दहा मिनिटं धरा. दरबारीतल्या विस्ताराला वेळेचं भान राहत नाही; गायकनटाशी आवर्तनं आधी ठरवा आणि तबलजीला सांगून ठेवा.

पट्टीचा घोळ हमखास होतो. रेवतीची पदं पुरुषाच्या गळ्यातून रंगमंचावर आली. आज ती बाईच्या आवाजात काळी चार-पाचच्या (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीच्या) आसपास जातात, अश्विनशेट काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातो. ऑर्गनवाला पट्टी सहज बदलतो, तबला नाही बदलत. दोन्ही पट्ट्यांचे दोन तबले तिसऱ्या घंटेआधी लावून तयार हवेत, आणि दुसऱ्या अंकाआधी पुन्हा तपासायला हवेत, कारण एसीत ते उतरतात-चढतात. लेपल माइक (कपड्याला अडकवायचा छोटा माइक) उपरण्याखाली लावला की प्रत्येक हालचालीला खरखर येते. तो पगडीच्या काठाशी किंवा केसांच्या रेषेत बसवा.

शेवटचं पद ‘हृदयी धरा हा बोध खरा’ सगळ्यांनी मिळून म्हणायचं ठरवलंत, तर पट्टी अश्विनशेटची धरा आणि बायकांनी खालच्या सप्तकात न जाता नुसतं ध्रुवपद उचलावं. फाल्गुनरावाला गाता येत नसेल तर त्याला गायला लावू नका. तो टाळ्या देईल.