कॉलेजच्या नोटिसा स्क्रीन रीडरवर वाचता येतील अशा केल्या, माझा अनुभव

सोलापुरात एका कॉलेजची वेबसाइट मी सांभाळतो. एमएची एक अंध विद्यार्थिनी म्हणाली, सर परीक्षेच्या नोटिसा माझा मोबाईल वाचतच नाही, दरवेळी मैत्रिणीला विचारावं लागतं. मनाला फार लागलं ते.

एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचणारा प्रोग्राम, कॉम्प्युटरवर टाकला (फुकट आहे), स्क्रीन बंद केली आणि नुसतं ऐकलं. बऱ्याच नोटिसा स्कॅन केलेल्या, म्हणजे नुसता फोटो, तिथं आवाजच नाही आणि बाकीच्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टातल्या, दिसायला मराठी पण आत सगळी इंग्रजी अक्षरं, त्यामुळे कानावर नुसता गोंधळ.

मग ऑफिसातल्या मॅडमना युनिकोडमध्ये टाइप करायला बसवलं, इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी जमेना तर गूगलचा कीबोर्ड दिला. आता नोटीस आधी थेट पेजवर, सहीची पीडीएफ नंतर. पेजची भाषा कोडमध्ये मराठी केली, नाहीतर स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजातच वाचायला जातो. फॉर्मच्या प्रत्येक चौकटीला लेबल लावलं, फिकट राखाडी अक्षरं गडद केली, कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक) किमान ४.५:१ लागतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे सगळं येतंच, तरी कुणी विचारत नाही.

फॉर्मवरचा चित्राचा कॅप्चा (चित्रातली अक्षरं ओळखून टाइप करायची तो) अजून बाकी आहे, तो काढून ओटीपी टाकतोय.